करगोट्याची किल्ली

धरणगावच्या सडकेवर निंबाखाली टेकायचं नाही, एकदा टेकलं की पाय उठत नाहीत, असं चंदनबाईंनी निघतानाच बजावलं होतं. आता त्याच निंबाच्या बुंध्याला हात लावून उभ्या होत्या. सुनंदा त्यांच्याकडे न बघता आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिली. उगीच त्यांना ओशाळल्यासारखं व्हायला नको.

"मी टेकले नाही हं," चंदनबाई म्हणाल्या. "नुसती उभी आहे."

"मी कुठे काय म्हटलं, भाभी?"

"तोंडानं नाही म्हटलं. पण मास्तरीणबाई, तुमच्या भुवया बोलतात. शाळेतल्या पोरी त्यांनाच भितात."

चैत्र संपत आला होता. दोन्ही अंगांना कपाशीची रानं वेचणी संपून, उलंगून मोकळी पडली होती, ढेकळं तापून पांढरी झाली होती. सडकेवर पुढे पाणी असल्यासारखं चमके आणि जवळ गेलं की डांबर. सुनंदाच्या हातात फिरकीचा तांब्या होता, निघताना भरला होता तसाच भरलेला. तिनं त्यातला घोटही घेतला नव्हता. सोबतच्या बाईचा घसा कोरडा असताना आपण घटाघटा कसं प्यायचं? आणि त्यांना तर ते पाणी चालणारच नव्हतं.

चंदनबाईंचं वर्षीतप चालू होतं. जैन लोकांचं हे मोठं कडक व्रत. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर चालतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसानं सुटतं. उपासाला फक्त उकळलेलं पाणी. जेवणाच्या दिवशीही जे काय पोटात घालायचं ते दिवस मावळायच्या आत. सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पाणी गाळून उकळलेलं हवं आणि चूल कांदा-लसणाची नको. गावात जैनाचं घर एकच, त्यांचं. आज जेवणाचा दिवस होता. सकाळी त्यांनी मुगाचं पाणी आणि दोन पातळ पोळ्या एवढंच घेतलं होतं, संध्याकाळी नीट जेवेन म्हणाल्या होत्या. उद्या परत उपास. म्हणजे घर उघडायच्या आत सूर्य बुडाला, तर पुढचा घास एकदम परवा सकाळी, आणि या उन्हातून चालून आल्यावरही पाणी उद्या उजाडल्याशिवाय नाही. आखाजी तर अगदी तोंडावर आलेली. वर्षभर निभावलेलं ऐन शेवटी अंगावर येतं की काय, अशी सुनंदाला धास्ती वाटत होती. चंदनबाईंना धास्ती नव्हती. त्यांना राग आला होता.

कारण घराला कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्या मालकांच्या, पारसमलशेठच्या, करगोट्याला होती.

झालं होतं ते अगदी साधं. शेजारच्या कुंदाबाईंनी उडदाचे पापड घातले होते आणि चंदनबाईंना लाटायला बोलावलं होतं. त्यांच्यासारखा पापड गल्लीत कोणाला लाटता येत नसे. पापड उन्हाला धरला तर पलीकडची बोटं दिसत. कुंदाबाईंच्या मागच्या अंगणात लाटणी खडखडत होती. तेवढ्यात शेठ धरणगावला दाखवायचा सरकीचा नमुना घ्यायला दुकानातून घरी आले. "ऐकलं का?" म्हणून एकदा हाक मारली. शेठचा आवाज मुळात लहान, गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा ते कानात सांगितल्यासारखं बोलत. ओ आली नाही. त्यांनी नमुन्याची पुडी घेतली, मागच्या दाराला आतून अडसर घातला, पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि रिवाजाप्रमाणे तीनदा ओढून पाहिलं.

ती कुलपाची खडखड चंदनबाईंनी भिंतीपलीकडे बसून ऐकली. लाटणं टाकून त्या पुढच्या अंगणात धावल्या, तोवर शेठ गल्लीच्या कोपऱ्याला पोचले होते. आता हाक मारायची कशी? नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही.

"अहो!" त्या ओरडल्या. "अहो! ऐका ना!"

कोपऱ्यावर दाढी करत बसलेला सुपडू न्हावी वळला, त्याच्यापुढे फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक वळलं. शेठ मात्र वळले नाहीत. गल्लीत कोणतीही बाई कोणालाही अहो म्हणू शकते, आपण कशाला वळायचं, असा त्यांचा हिशेब असावा, आणि सुपडू उठेपर्यंत ते दुपारच्या एस.टी.त बसून निघूनही गेले. पुढची एस.टी. थेट संध्याकाळी होती, आणि धरणगावला गेले की ते दिवेलागणीनंतर परतत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"भाभी, मी चूल सारवून घेते, नवं मडकं आहे, त्यात उकळते पाणी," कुंदाबाई म्हणाल्या होत्या. त्या मनापासून म्हणत होत्या. चंदनबाईंनी त्यांच्या पिठाच्या हातावर आपला पिठाचा हात ठेवला आणि मान हलवली. मग पदर खोचला. "मी किल्लीच घेऊन येते," म्हणाल्या. उन्हाळ्याची सकाळची शाळा आणि मागचं वह्यांचं काम आटपून सुनंदा तिसऱ्या प्रहरी नुकतीच आपल्या खोलीचं दार उघडत होती. एकट्या बाईमाणसाला भर उन्हात सडकेनं कसं जाऊ द्यायचं, म्हणून तिनं उघडलेलं दार परत लावलं आणि तांब्या भरून घेतला.

"चला," आता चंदनबाई निंब सोडून म्हणाल्या. "झाडालाही वाटेल, मारवाडीण मुक्कामाला आली."

चालता चालता त्या बोलत होत्या. बोलल्यानं घसा आणखी सुकतो, असं सुनंदाच्या ओठावर आलं, पण ती गप्प राहिली. राग बाहेर पडायला वाट पाहिजे.

"तुम्हाला गंमत सांगू, मास्तरीणबाई? माझं निम्मं आयुष्य ओट्यावर गेलं. लग्न होऊन आले तेव्हा मारवाडहून इथवर गाडी बदलत बदलत तीन दिवस घुंगट काढून आले. इथली बोली कळेना. आणि आल्या महिन्यातच सासूबाई दर्शनाला गेल्या, मी गावच्या विहिरीवर, परत येऊन बघते तर दाराला कुलूप. हंडा डोक्यावर. उतरवायला सांगायचं कोणाला? ही कुंदाबाई आहे ना, तिची सासू आली. हंडा उतरवला, आणि माझ्या हातात सूप दिलं. डाळीचं. बस म्हणाली, तोवर हे निवड."

"मग?"

"मग काय. तेव्हापासून गल्लीची डाळ मीच निवडते."

हे सुनंदानं स्वतः पाहिलं होतं. गावात बदली होऊन आली तेव्हा तिला वाटायचं, या शेठाणीला घरात करमत नाही. जेव्हा बघावं तेव्हा ओट्यावर. कुंदाबाईंच्या घरी त्यांच्यासाठी एक सूप आणि एक गोणपाट वेगळं ठेवलेलं असे. "भाभी ओट्यावर बसल्या, म्हणजे शेठ गावाला गेले," असं गल्लीत पोरंसुद्धा म्हणत. मुलाच्या, सुभाषचंदच्या वेळी दिवस भरत आलेले असताना चंदनबाई अशाच वळवाच्या पावसात ओट्यावर अडकल्या होत्या आणि कुंदाबाईंनी डोक्यावर घोंगडं धरलं होतं. तो सुभाषचंद आता जळगावला कॉलेजात होता, आणि सुट्टीत घरी आला की तोही दारात उभं राहून पहिल्यांदा, "बापू दुकानात आहेत ना?" असं विचारी.

एकच किल्ली, याला कारण होतं. पारसमलशेठचे वडील मारवाडातून आले तेव्हा त्यांनी पहिलं दुकान टाकलं, आणि एका सकाळी पाहतात तो कुलूप जसंच्या तसं आणि आत दुकान साफ. दुसऱ्या किल्लीनं कोणी काम केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून घराण्याचा नेम झाला: नवं कुलूप आलं की एक किल्ली ठेवायची, दुसरी परसातल्या खाऱ्या विहिरीत टाकायची. टाकताना नवकार मंत्र म्हणायचा. कुंदाबाई म्हणत, "त्या विहिरीत गाळ कमी आणि किल्ल्याच जास्त निघतील." थट्टा सगळ्यांनी केली, पण नेम कोणी मोडला नाही. चंदनबाईंनीही नाही. सासरे देवमाणूस होते, त्यांच्याविषयी त्या वावगा शब्द बोलत नसत.

किल्ली आधी सासूबाईंच्या कमरेला असे. त्या गेल्या तेव्हा गल्लीतल्या बायकांनी धरूनच चाललं होतं की आता ती सुनेकडे येणार. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेवरून निघून सरळ पारसमलशेठच्या करगोट्याला गेली. त्यांनी ती हिसकावली नाही, मागितली नाही, त्यांच्या मनातसुद्धा दुसरं काही आलं नाही. हे चंदनबाईंनी सुनंदाला कधी सांगितलं नव्हतं. कुंदाबाईंनी सांगितलं होतं, आवाज बारीक करून.

सुनंदाच्या स्वतःच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असे. संध्याकाळी ती दार उघडायला लागली की ओट्यावरून चंदनबाई बघत राहत. एकदा म्हणाल्या होत्या, "तुमचं बरं आहे. आलं, उघडलं, आत." एकट्या राहणाऱ्या बाईला लोक असं बोलतातच, म्हणून सुनंदाला ते तेव्हा लागलं होतं. आज या सडकेवर तिला कळलं की चंदनबाई तेव्हा फक्त दाराविषयीच बोलत होत्या.

समोरून सायकल आली. गावचाच अभिमन होता, धरणगावहून परतत होता. त्यानं पाय टेकून सायकल थांबवली.

"काय व्हयनं अक्का? इतला उनमा पायी कोठे चालनात?"

"शेठकडे. किल्ली आणायला."

अभिमननं डोक्याचा रुमाल काढला. त्याला सांगायला जड जात होतं हे दिसत होतं. "शेठ तं जीवरामभाऊनी गाडीवर बशीसन नालानी वाटे कव्हयनात घर गयात!"

नाल्याची वाट म्हणजे शेतातून जाणारी गाडवाट, सडकेपेक्षा जवळची. सरकीचा सौदा लवकर आटोपला होता आणि जीवराम पाटलांची बैलगाडी रिकामी निघाली होती. आयुष्यात कधी नव्हे ते शेठ दिवेलागणीच्या आधी घरी पोचले होते.

चंदनबाईंनी कपाळावरचा घाम पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "आजच?"

"धरणगाव आता जवळ आहे, भाभी," सुनंदा म्हणाली. "तिथं तुमच्या नणंदेचं घर आहे ना, प्रेमकुंवरबाईंचं? तिथं सगळं सोवळ्याचं मिळेल. जेवा, पाणी प्या, मग एस.टी.नं परतू."

"आणि म्हणू काय तिला? घर आहे, नवरा आहे, घरात धान्य आहे, फक्त आत जाता येत नाही म्हणून जेवायला आले? उद्या सगळ्या धरणगावात होईल. नाही." त्यांनी सडकेकडे पाठ फिरवून गावाकडे तोंड केलं. "अभिमन, तू पुढं जा. शेठला सांग, मी येतेय. घर उघडं ठेवा म्हणावं, आणि पाणी उकळायला ठेवा."

"बसा ना अक्का मांगे. मी लई जास."

"सायकलवर? शेठची बायको? अरे, गावातल्या म्हशी बुजतील."

अभिमन हसला आणि जोरात पायडल मारत गेला. सुनंदाला वाटलं, बसल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तेही ती बोलली नाही. आज न बोललेल्या गोष्टींचा तिच्याकडे ढीग साठत होता आणि त्यामुळे तिचंच डोकं तडकायला लागलं होतं. शेठवर, कुलपावर, सासऱ्यांच्या नेमावर, आणि खरं सांगायचं तर चंदनबाईंच्या मानीपणावरही.

परतीला सूर्य समोर आला. आता डोळ्यावर हात धरून चालावं लागत होतं. चंदनबाईंच्या ओठांना पापुद्रे आले होते. दर थोड्या वेळानं त्या बोटं आडवी धरून सूर्य आणि जमीन यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघत. आधी चार मावली. मग तीन. सुनंदा एकादशी करणारी, सकाळी पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय चहा न घेणारी. देवाकडे काही मागायचं नाही असा तिचा स्वतःपुरता नेम होता. तो तिनं त्या सडकेवर मोडला. थोडा सावकाश जाऊ दे रे, एवढंच मनात म्हणाली. कोणाला सावकाश जाऊ दे, ते देवाला कळलं असेल.

"काकडी कशी किसून ठेवली होती," चंदनबाई मध्येच म्हणाल्या. "दह्यात घालायची. आता आंबली असेल."

गावाबाहेरचा पिंपळ लांबून दिसायला लागला तेव्हा एकच बोट मावत होतं. तरीही पोचू असं वाटत होतं. दोघी जवळजवळ पळत होत्या. सुनंदाच्या चपलेचा अंगठा तुटला, तिनं चप्पल हातात घेतली.

तेवढ्यात पिंपळाच्या अलीकडे धोतराचा सोगा हातात धरून लगबगीनं येणारा माणूस दिसला. पारसमलशेठ. घामाघूम झालेले, टोपी मागे सरकलेली. जवळ येऊन त्यांनी आधी बायकोला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, मग मोठा श्वास सोडला.

"सुभाषच्या आई! किती जीव खालीवर झाला माझा. अभिमन म्हणाला सडकेनं येतायत. म्हटलं, सांज होते आहे, दोघी बायाच, चला समोर."

"पाणी उकळलं?" चंदनबाईंनी विचारलं.

"उकळलं की! अभिमननं सांगितल्याबरोबर गाळून ठेवलं चुलीवर. चांगलं खळखळून उकळलं. तांब्याच्या भांड्यात ओतून, वर झाकण घालून ठेवलंय."

"कुठे?"

"घरात."

"आणि घर?"

शेठचा हात आपसूक कमरेकडे गेला. "काळजी नको, किल्ली माझ्याजवळच आहे," ते म्हणाले. "कुलूप लावूनच आलो. उघडं कसं टाकणार? तीनदा ओढून पाहिलं."

सुनंदाला एकदम हसूही आलं आणि रडूही. तिनं चंदनबाईंकडे बघितलं. चंदनबाई नवऱ्याकडे बघत नव्हत्या, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. तिकडे, शेताच्या बांधापलीकडे, सूर्याची लाल कड जमिनीला टेकली होती. पिंपळापासून घर म्हणजे अख्खी गल्ली, चौक, परत गल्ली. त्यांनी बोट आडवं धरलं नाही. गरज नव्हती.

कड बुडाली.

चंदनबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, सडकेच्या कडेला सरकून हात जोडले आणि डोळे मिटून रात्रीच्या चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं. म्हणजे आता उजाडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आवाज घोगरा झाला होता, पण एक शब्द चुकला नाही. शेठना तेव्हा कुठे उमजलं. त्यांनी सूर्य होता तिकडे बघितलं, मग आपल्या दोन्ही मोकळ्या हातांकडे बघितलं, जणू त्यात तांब्याचं भांडं असायला हवं होतं.

"मी... मला सुचलंच नाही," ते म्हणाले. "भांडं घेऊन यायला हवं होतं."

"दोन्ही हात कुलपात होते ना," चंदनबाई म्हणाल्या.

तिघंही गावाकडे चालायला लागली. शेठ चार पावलं पुढे, किल्ली करगोट्याला, धोतराखाली. मागून या दोघी. सुनंदानं हातातला तांब्या बांधाच्या कडेच्या तुळशीसारख्या कुठल्याशा रोपाला ओतून टाकला. इतका वेळ वाहून आणलेलं पाणी, तिला आता ते घोटभरही जाणार नव्हतं.

"मास्तरीणबाई," चंदनबाई म्हणाल्या. आवाज शेठना ऐकू जाईल इतपत होता. "उद्या रविवार. तुम्ही धुळ्याला, देवपुरात आईकडे जाणार ना?"

"हो, सकाळच्या एस.टी.नं. पण तुम्हाला बरं नसेल तर मी थांबते, भाभी. उद्या उपास आहे तुमचा."

"उपासाचं माझं मी बघते. वर्ष काढलं, हे चार दिवस काय मोठे. तुम्ही जा. जाच. धुळ्याला आग्रा रोडवर कुलपांची दुकानं आहेत म्हणे."

"आहेत."

"माझं एक काम करा. चांगलं जाडजूड कुलूप आणा. बघून घ्या, नाहीतर दुकानदाराकडून करवून घ्या, पण तीन किल्ल्यांचं आणा."

पुढे चालणाऱ्या शेठची पावलं मंदावली.

"तीन?" सुनंदानं विचारलं.

"तीन. एक यांच्या करगोट्याला राहू दे. एक माझ्या पदराला बांधीन. आणि एक विहिरीत टाकू, नवकार म्हणून. मामंजींचा नेम मला मोडायचा नाही. आणाल ना, बाई?"